दुसऱ्या साक्षीदाराची जागा

शब्द गोळा करायला निघालेल्या माणसाकडे शब्द कमी आणि किस्सेच जास्त साचतात. शब्दांसाठी निदान कार्डे असतात. किस्से कुठे लावून ठेवावेत, हे कोणी शिकवत नाही.

बीडला आम्ही तिघे एक लहानसा कोश करत होतो. लिहायला एकच, पण मराठीत, उर्दूत, इंग्रजीत अर्थ आणि मूळ निराळे, अशा शब्दांचा. एक आमचे सर. दुसरे कादरचाचा, ज्यांची सारी नोकरी कचेरीत जुन्या उर्दू कागदांच्या नकला करण्यात गेली. आणि तिसरा, नुकताच एम.ए. झालेला मी. बैठक दर गुरुवारी चाचांच्या ओसरीवर भरे. चहा आतून चाची पाठवत.

नियम माझा होता. प्रत्येक अर्थाला स्वतंत्र कार्ड, आणि त्यावर दोन वेगळ्या गावांतल्या माणसांची साक्ष. दुसरी साक्ष मिळेपर्यंत कार्ड चपलांच्या रिकाम्या खोक्यात.

*

नेकनूरचे मोसंबीवाले म्हणाले, ‘बार’ म्हणजे झाडांना येणारा फुलोरा. चाचांनी उर्दूतला अर्थ सांगितला, ओझे. त्याच सुमारास आमच्या रस्त्यावर रंगीत दिव्यांची ‘बार’ अशी पाटी झळकली आणि तिसरे कार्ड करावे लागले. त्याला साक्षीदार कुठून आणायचे, असे सरांनी विचारले.

“साक्षीदार लई मिळतील,” चाचा म्हणाले, “पर सही करताना हात थरथरायला नको.”

*

लिंबागणेशचे दोन भाऊ बापाचा उर्दू कागद वाचून घ्यायला आले. विहिरीवरून दोघांचा अबोला होता. चाचांनी वाचून सांगितले, “हा राजीनामा हाय.”

थोरला बिथरला. “आमच्या बापानं जन्मात नोकरी केली न्हाई. राजीनामा कशाचा देईल?”

राजीनामा म्हणजे इथे आपसातली तडजोड, हे चाचांनी समजावले. बापाने आणि चुलत्याने पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. धाकट्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

“म्हंजे त्यांचं मिटलं होतं,” तो म्हणाला. “मग आमी काहून भांडतोय?”

दोघांनीही कार्डावर साक्ष दिली. गाव एकच, म्हणून मी ती एकच धरली.

*

गावात नवे कॉम्प्युटर सेंटर निघाले. मजकूर तिथे टाइप करायला दिला. आठवड्याने ऑपरेटरने मोजकीच पाने हातात ठेवली.

“सर, तुमचे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. मी डुप्लिकेट सगळे उडवले.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “बाळा, आमचा कोशच तेवढा होता.”

*

चाचांनी स्वतःचा म्हणून एकच अर्थ दिला होता. त्यांच्या आईच्या तोंडी ‘दम’ म्हणजे घरी न परतलेल्या माणसासाठी झाकून ठेवलेली भाकरी. चाचीही तसेच म्हणत. पण त्या सासूकडून शिकल्या असणार, असे आम्ही गृहीत धरले. मी नेकनूरच्या पारावर चौकशी केली. तिथली माणसे म्हणाली, दम चढावर लागतो.

कार्ड खोक्यात राहिले. दर गुरुवारी चाचा विचारत, “आमचं कार्ड जामिनावर सुटलं का न्हाई?”

छपाईच्या आधी सर म्हणाले, “दुसरी साक्ष माझी लाव.”

“नियमात बसणार नाही, सर,” मी म्हणालो.

कोश त्या कार्डाशिवायच छापला, आणि तो बांधून येण्याआधीच चाचा गेले.

*

त्यांच्या चाळिसाव्यानंतर मी प्रत घेऊन गेलो. मुलगा कामावरून परतला नव्हता. चाची सुनेला सांगत होत्या, “त्याचा दम काढून ठेव गं.”

“चाची, हा शब्द सासूबाईंचा ना?”

“त्यांचा कशाला? माझं माहेर नेकनूर. तिकडं समद्या बाया म्हणतेत.”

“मग कधी सांगितलं नाहीत?”

“इचारलं कुणी? चहा प्यायचा, कप ठेवायचे, चालले.”

त्यांनी कोश हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हते. पदराने हात पुसून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“जाताना म्हणले होते, माझा एक शब्द छापून येणार हाय. कुठं हाय तेवढं बोट ठेवून दावा.”

मी ‘द’चे पान उघडले.