यार्डाचा इम्रान आणि माझं माहेर

"मॅडम, फ्रायडेच्या मॅचला मी नाही," इम्रान म्हणाला आणि माझ्या घशात चहा अडकला.

इम्रान इथे आखातात, मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या आमच्या यार्डात क्रेन चालवतो. रत्नागिरीचा. तो बॉलिंगला आला की समोरचा बॅट्समन देवाचं नाव घेतो. मी त्याच यार्डात एचआरला. क्रिकेट मला कळत नाही, माणसं निवडणं कळतं, म्हणून यार्डाची टीम मी निवडते. हेड ऑफिसची टीम निवडतो माझा नवरा, निखिल. तो तिथे ट्रॅव्हल डेस्कला आहे, सुट्टीवर जाणाऱ्यांची तिकिटं तोच काढतो.

आमच्या अमेरिकन जीएमने बेसबॉलमधला ड्राफ्ट इथे आणला. ड्राफ्ट म्हणजे कंपनीतले सगळे खेळाडू समोर ठेवायचे आणि पाळीपाळीने एकेक उचलायचा. आदल्या वर्षी जो हरला, त्याची पाळी पहिली. त्याआधी स्काउटिंग, म्हणजे खैतानच्या मैदानावर जाऊन कोण कसा खेळतो ते बघून यायचं. मुलगी बघायला जातात तसंच, फक्त पोहे मिळत नाहीत.

यंदा पैज मोठी होती. दरवर्षी सुट्टीत आम्ही थेट लातूरला, सासरी जातो. पुण्यात माझी आई एकटी असते. तिच्या वाट्याला शेवटचे चार दिवस येतात आणि तेही बॅगा भरण्यात जातात. मला फार लागतं ते. म्हणून ठरलं, ज्याची टीम जिंकेल त्याच्या घरी आधी जायचं.

पण पहिली पाळी निखिलची होती आणि मला इम्रान हवा होता. मग जेवताना निखिलला ऐकू जाईल असा मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणीही नव्हतं. "इम्रानचा खांदा गेलाय हो," मी मोठ्याने म्हणाले. "आपल्याला स्टोअरचा सुरेशच पाहिजे. कोणाला सांगू नका." सुरेश म्हणजे हातात आलेला कॅच सोडणारा माणूस.

ड्राफ्टमध्ये निखिलने पहिलंच नाव घेतलं, सुरेश. मी इम्रानला उचललं आणि मनातल्या मनात पुण्याची बॅग भरली.

आणि आता हा म्हणत होता, शुक्रवारी सकाळचं फ्लाइट आहे. रजेवर सही कोणाची? माझीच! महिन्यापूर्वी गठ्ठ्यात केलेली.

यार्ड मॅनेजर फिलिप सर धावत आले. "छुट्टी कॅन्सल करो, मॅडम. एक हफ्ता बाद जाएगा."

इम्रान पुढे झाला. "अम्मी दोन वर्षं वाट बघते, मॅडम," तो हळूच म्हणाला.

झालं! माझ्यामुळे एक आई दरवर्षी वाट बघत बसते, तेवढं पुरे होतं. "नहीं सर, वो जाएगा," मी म्हणाले. जीव मात्र तुटत होता.

मॅच शेवटच्या बॉलपर्यंत गेली. निखिलच्या टीमला चार रन हवे होते आणि बॅटिंगला सुरेश. त्याने डोळे गच्च मिटून बॅट फिरवली. बॉल बॅटच्या कडेला लागून कीपरच्या डोक्यावरून थेट बाउंड्रीला गेला.

मॅचनंतर सलवा भागातल्या आमच्या घरी येताना गाडीत निखिलला हसू आवरत नव्हतं. "इम्रानचं तिकीट ड्राफ्टच्या आधी मीच काढलं होतं गं! म्हणे खांदा गेलाय!"

"मग सुरेशला का घेतलंस?"

"तू एवढं कौतुक केलंस म्हणून. ते मला खरंच वाटलं."

अगं आई गं! म्हणजे त्यांचा हिरो मीच शोधून दिला होता.

महिन्याभराने आमच्या दोघांच्या रजेचे अर्ज आले. कंपनीतला प्रत्येक अर्ज शेवटी माझ्याच टेबलावर येतो. सुट्ट्यांच्या सीझनमध्ये ट्रॅव्हल डेस्क रिकामा ठेवता येत नाही, हा नियमच आहे. त्यामुळे निखिलची रजा मला दोन आठवडे पुढे ढकलावी लागली. माझी लगेच मंजूर झाली. माझं पुण्याचं तिकीट त्यालाच काढावं लागलं.

पैज मी पाळली. तो आल्यावर आम्ही दोघं आधी लातूरलाच गेलो. मी पुण्याहून गेले, एवढंच.

स्काउटिंग, ड्राफ्ट, नशीब, सगळं ठीक आहे. पण ज्या बाईच्या सहीशिवाय आपल्याला रजा मिळत नाही, तिच्याशी पैज लावू नये.