मुरुमच्या हौदाला भूमचं विरजण

मुरुमहून निघालो तो भूमच्या मिस्त्र्याची गचांडी धरायलाच. दिवाळीआधी त्यानं माझ्या मळ्यात शेणाच्या गॅसचा हौद बांधला. गॅस साठला की वरची लोखंडी टाकी वर उचलली जाते म्हणे. संक्रांत गेली तरी ती तसूभर हलली नव्हती. बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "पाडव्यापर्यंत शेगडी पेटली न्हाय, तर हौद बुजवून तिथं वांगी लावीन." शून्यातून मळा उभा केलेल्या माणसानं हे ऐकायचं!

उमरग्याला एस.टी. चुकली. पुढची तुळजापूरजवळ पंक्चर झाली. मी सडकेवर येरझारा घालू लागलो, तर ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, तुमी चालल्यानं चाक फुगत न्हाय."

उस्मानाबाद सोडल्यावर नुसता माळ, खडक, मधेच शाळूची हिरवी पट्टी. भूमला उतरताच आटत्या खव्याचा वास आला. घासाघीस करून थोडा घेतला, उभ्याउभ्याच खाल्ला. मिस्त्री परांड्याला गेला होता. त्यानंच बांधलेला एक हौद जवळच्या वस्तीवर चालतो असं कळलं. तरातरा तिकडं गेलो.

वस्तीची मालकीण सोनाबाई, वयस्कर, आवाजाला करडी. तिच्या शेगडीवर निळ्या जाळावर दूध उकळत होतं. माझ्या अंगाची लाही झाली.

"तोच मिस्त्री, तसलंच शेण! मग मला फसवलं न्हाय तर काय?"

"शेण घातलंत. विरजण घातलंत का?" ती म्हणाली. "आमचा हौद बी बसून होता. मग म्या पावण्याच्या चालू हौदातला रबडा, म्हंजी आंबलेलं शेणपाणी, आणून वतला. नुसतं दूध ठिवून दही लागतं व्हय?"

"एक डबा द्या, मावशी. काय घ्याल?"

"विरजणाचं पैसं घेत्यात व्हय कुठं?"

"फुकट मी घेत नसतो."

"मग ऱ्हाऊ द्या. आन् न्यायचं तर आत्ताच न्या. दिवेलागण झाली की विरजण घराबाहेर देत न्हाय आमच्यात."

सूर्य टेकडीला टेकला होता. जन्मात पहिल्यांदा भाव न ठरवता माल उचलला.

सकाळच्या गाडीत डब्याचं झाकण फसकन उडालं.

"काय हाय यात?" कंडक्टरनं नाक दाबून विचारलं.

"विरजण."

"मग म्हशीला डाक्टर दाखवा, शेठ!"

डबा टपावर गेला. प्रत्येक थांब्यावर शिडी चढून झाकण दाबत मी मुरुम गाठलं.

डबा हौदात ओतला आणि पाडव्याच्या आत टाकी वर उचलली गेली. डब्यानं की फाल्गुनातल्या उन्हानं, कोण जाणे. बायकोनं शेगडीवर चहा ठेवला आणि वांग्यांचं नाव काढलं नाही. मिस्त्र्यावरचा राग मात्र तसाच आहे. विरजणाचं त्यानं सांगायला नको?

परवा शेजारच्या गावचा एकजण रिकामा डबा घेऊन आला. "काय द्यायचं, शेठ?" भाव अगदी जिभेवर आला होता. मी मावळतीकडं पाहिलं.

"काय नको," मी खेकसलो, "दिवे लागायच्या आत भरून न्या."