गुलाबी द्रव

बायकोने बाथरूम धुवायला ब्लीच काढलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तो वास मला सोलापुरातल्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत नेतो. रक्ताच्या आजाराने गेलेल्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून आम्ही रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढवल्या होत्या. अभ्यास संपला होता, पेशी ब्लीच घालून नष्ट करायच्या होत्या, आणि मी बाटली टेबलावर काढूनही ठेवली होती. तेवढ्यात तिचे वडील वैरागहून तिची फाईल न्यायला आले. दाराशीच चपला काढून म्हणाले, "पोरीच्या हाडातलं घेतलं हुतं, ते हाय का अजून?" मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून ते त्यातले चकाकणारे गोल ठिपके बराच वेळ बघत राहिले. "जित्या हायत?" मी मान डोलावली. "ह्यास्नी खायाला काय घालता?" मी गुलाबी द्रवाची बाटली दाखवली, दर दोन दिवसांनी घालतो, म्हणालो. "आज घातलं का?" मला खोटं बोलवेना. त्यांच्यादेखतच मी तो द्रव कोमट करून पेशींना घातला. ते हात जोडून उभे होते. "शेवटी लई दिस काय खाल्लं न्हवतं तिनं," एवढंच म्हणाले. निघताना दारातून वळले, "परवा बी घालाल न्हवं?" "घालतो की," मी म्हणालो. ते एस.टी. गाठायला गेले आणि मी ब्लीच ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडून गेला. बायकोला अजून वाटतं, मला त्या वासाची अ‍ॅलर्जी आहे.