शिंपल्यातली रेती

थंडी सरत आली की प्राणहिता नदीचं पाणी उतरायचं. मग माय शेजारणींबरोबर गुडघाभर पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी रेतीतले शिंपले चाचपायची. उकळत्या गंजात त्यांची तोंडं उघडली की मांस काढून लसूण-तिखटात परतायचं. काही शिंपले मात्र दाताखाली करकरायचे. "रेतीचे हायत," म्हणून माय ते कोंबड्यांना टाकायची.

मी सिरोंच्यात शाळेवर विज्ञान शिकवू लागले, त्या वर्षी माय जवळजवळ रिकामी टोपली घेऊन परतली. त्यातला एक शिंपला मी सुरीने उघडला. आतले कल्ले फुगून भुरकट झाले होते. दाबले तर बोटाला पिठासारखं काही लागलं. कल्ल्याच्या आत रेती कशी शिरेल, हे मला कळेना. शिंपला नदीच्याच पाण्यात घालून मी शाळेकडे निघाले. सुट्टी होती, मायही मागोमाग आली.

कल्ल्यातलं ते पीठ काचपट्टीवर घेतलं आणि खिडकीतला उजेड आरशावर घेऊन मी सूक्ष्मदर्शक लावला. पाहिलं आणि मायला ओढलंच. "इथी डोळा लाव."

तिला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती दचकली. "अवो बाई! हे त तोंड उघडून राह्यले!"

प्रत्येक कण म्हणजे दोन इवल्या झाकणांचं पिल्लू होतं. कपाटातल्या पुस्तकातून मी तिला वाचून सांगितलं, की शिंपली पिल्लांना कल्ल्यांत सांभाळते, मग पाण्यात सोडते. जवळून मासा गेला की ती त्याला चिकटतात, काही दिवस त्याच्या अंगावर काढतात आणि मग रेतीत गळून पडतात.

"अन् मासोयीच नसन त?"

"तर मरतात."

घरी येताच माय बाबांना म्हणाली, "खालच्या डोहात बारीक जाळं टाकू नका, मासोयी राहू द्या. शिंपलेई तिथले कोणी काढाचे नाई."

बाबा कुरकुरले. शेजारीण तर भांडायलाच उठली. "नदीची वस्तू हाय. तुह्या म्हणण्यानं आमी खाचं नाई का?"

"वरच्या वळणावर काढ ना. तो डोह तेवढा सोड."

चार दिवसांनी बाबांनी बारीक जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं. बायाही हळूहळू वरच्या वळणाकडे जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी डोहात काहीच दिसलं नाही. शेजारणीने टोमणे मारले, मायने ऐकून घेतले. माझाही धीर सुटत आला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी पाणी उतरलं आणि माय डोहातूनच ओरडली. तिच्या तळहातावर नखाएवढे, हिरवट शिंपले होते. सगळ्या बाया धावल्या. शेजारीण पदर खोचून वाकली आणि दोन्ही हातांनी रेती उपसू लागली. "इथी बी हायत! इथी बी!"

कुणीतरी टोपली पुढे केली. शेजारणीने ती बाजूला सारली. "आता नाई. मोठे होऊ दे," म्हणत तिने ओंजळ पाण्याखाली नेऊन उघडली.