शोकेसमधला मायक्रोस्कोप

आमच्या घरात मायक्रोस्कोप हाय म्हणून अख्खं हसनाबाद कौतुक करतं. करू द्या. त्यांचं काय जातं?

मी भावना, तृप्तीची मोठी जाऊ. आमची मोसंबीची बाग. उन्हाळ्यात बागेला पाणी पाहिजे म्हणून मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, शेततळं खोदून खाली प्लास्टिक अंथरलं. त्या तळ्यात तृप्तीनं रोहू-कटला मासे सोडले. कॉलेजात तिनं प्राण्यांचाच विषय घेतल्ता, लई हौस पोरीला. मामा म्हणले, "एक हंगाम कर. जमलं तर तळं तुझं. न्हाई जमलं तर सगळं पाणी मोसंबीला."

आता मामांच्या गळ्यात माळ. घरात अंडंसुद्धा येत न्हाई. मासे तळ्यावरूनच विकायचे, उंबऱ्याच्या आत त्यांचा वास बी नको, असं पहिल्याच दिवशी ठरलं. माशाचा पैसा तेवढा आत आलेला चालतो, असं मी मनातल्या मनात म्हणले.

तृप्ती सकाळ-संध्याकाळ तळ्यावर. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं होतं तरी काय? माहेरचं एक कपाट, आन् झालं तर हे तळं. मासे वर आले की तोंडभर हसायची. नवऱ्याकडं पाहून अशी हसलेली मी तरी पाह्यली न्हाई.

पावसाळा सरला आन् मासे प्लास्टिकला अंग घासायला लागले. खाणं कमी झालं, अंगावर बुळबुळ वाढली. तृप्तीचा चेहरा उतरला. मला म्हणली, "ताई, कल्ल्यात किडे झालेत. पण कोणते, ते पाह्यल्याबिगर औषध टाकता येत न्हाई. एका किड्याला मीठ पुरतं, दुसऱ्याला वेगळंच औषध लागतं. मासा जिता असतानाच ती बुळबुळ काचेवर घ्यायची आन् तिथल्या तिथं पाह्यची. वाळली की काही दिसत न्हाई."

मामा तयार झाले, हे विशेष. आम्ही जालन्याला गेल्तो. मामा, कल्याण भावजी म्हणजे तृप्तीचा नवरा, ती आन् मी. दुकानदारानं दोन मायक्रोस्कोप मांडले. एक साधा, त्याला खाली गोल आरसा, उन्हाचा उजेड घेणारा. तृप्तीनं तो उचलून दारापाशी नेला, डोळा लावला आन् म्हणली, "हाच बराबर हाय. लाईट नसली तरी तळ्यावर चालतो. मला शंभरपट दिसलं तरी बास."

दुसरा पांढराशुभ्र, लाईटवर चालणारा, दोन डोळ्यांनी पाह्यचा, वर कॅमेरा. मोबाईलवर चित्र येतं म्हणे. दुकानदार म्हणला, "दोन हजारपट, साहेब. मोठे लॅबवाले हाच नेतात."

मामांची मान ताठ झाली. "शाळंतल्या पोरांचं खेळणं घ्यायला एवढ्या लांब आलो का? ह्या रखमाजीच्या घरात वस्तू येती ती एक नंबर येती."

"मामा, शेतात दिवसा लाईट नसती. मला तिथंच पाह्यचंय..."

"तू गप. खर्चा मी करून राह्यलो."

तृप्तीनं भावजींकडं पाह्यलं. भावजींनी खिशातून मोबाईल काढला आन् त्या पांढऱ्या मशिनीचा फोटो काढला. धन्य तो नवरा! बापासमोर आमच्या घरातल्या गड्यांची जीभ टाळूला चिकटती.

मशीन घरी आली. हळदी-कुंकू लागलं, नारळ फुटला, आन् टीव्हीच्या शेजारी शोकेसमधी तिची स्थापना झाली. वर क्रोशाचं झाकण. तृप्ती म्हणली, "तळ्यावर न्यायची, मामा. बॅटरीची सोय करते."

"एवढी महागाची मशीन चिखलात?"

"मंग मासा घरी आणते."

"माळ दिसती का गळ्यात?"

"नुसती काच आणते. बोटाएवढी."

"मासळीची काच देवघरासमोर? बिलकुल न्हाई."

म्हणजे मशीन घरात, मासे शेतात, आन् मधी मामांची माळ. अहो, त्या माणसाला हे दिसत नव्हतं असं न्हाई. त्याला चालत होतं.

चतुर्थीला मामा राजूरच्या गणपतीला गेले. तृप्ती पळतच तळ्यावर गेली, झाकणाच्या बादलीत एक जिता मासा घेऊन आली. मी दारात उभी राह्यले. तिनं कल्ल्याची बुळबुळ काचेवर घेतली, मशीन लावली, चकती फिरवायला लागली. "ताई, काहीतरी हलून राह्यलं. थोडं साफ दिसू द्या..."

तेवढ्यात मामा. रांग मोठी म्हणून कळसाला हात जोडून परत आल्ते. मला ओरडायला बी जमलं न्हाई. त्यांनी बादलीला लाथ घातली. मासा फरशीवर तडफडला.

"मामा, दोन मिनिटं फक्त!"

"दोन मिनिटात घर बाटतं!"

काच माझ्याच हातानं उकिरड्यावर टाकायला लावली. घर गोमूत्रानं धुतलं, मशीन अत्तराच्या बोळ्यानं पुसली. तृप्ती कोपऱ्यात बसून रडत होती आन् भावजी तिला सांगत होते, "तू बी ना, कमाल करती."

मंग तिनं अंदाजानं मीठ टाकलं. दुसरं करणार काय? अंदाज चुकला. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले, सगळं तळं. व्यापारी नाक दाबून निघून गेला. मामांनी बागेची मोटार चालू केली. आन् वरून म्हणतात कसे, "बघ बाई, तुला सगळं करून दिलं."

आता पाव्हणा आला की तेच कीर्तन. परवा मामांचे व्याही, आमच्या नणंदेचे सासरे, आल्ते. "सुनेसाठी आणली मशीन, मागं-पुढं पाह्यलं न्हाई. पण हिनं मासे मारलेच." मंग स्वतः उठून बागेतलं मोसंबीचं एक मुरडलेलं पान आणलं. पान घरात चालतं. "चालवून दाखव गं."

तृप्ती बसली. तिचा हात इतका सराईत फिरला की भावजींच्या मोबाईलवर लगेच पानावरचे किडे वळवळायला लागले. व्याही "अरे बाप रे" म्हणले. मामा पुढं वाकले. "हे काय हाय? सगळी बाग मुरडून राह्यली. कोणतं औषध मारायचं?"

तृप्तीनं लाईट बंद केली. क्रोशाचं झाकण नीट घातलं. "मला कुठं काय कळतं, मामा?" म्हणली आन् आत गेली.

तिला कळलं होतं. किडा दिसला तसं त्याचं नाव तिच्या ओठांवर आल्तं, मी शेजारीच उभी होते. मामा आता माझ्याकडं पाहून राह्यले. मी कपबश्या गोळा केल्या. मनात म्हणले, वाळू दे मोसंबी.