पागेचा तंबू

निजामाच्या अमदानीत सोनपेठच्या बाजारात आमच्या थोरल्या काकांना भीत नव्हता असा एकही दुकानदार नसेल. काका दोन वांगी घ्यायला बसले की माळणीचा अख्खा ढीग उलटापालटा व्हायचा. जोडा घ्यायचा तर तो पायात घालून ते आधी वेशीपर्यंत चालून यायचे आणि चांभार मुकाट मागोमाग. पण काकांचा खरा पराक्रम तंबूचा.

काकूंची कंबर धरली होती. वाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळूत चार दिवस मुक्काम करावा ही त्यांची एकच हौस, आणि यंदा ती फेडायचीच म्हणून काका इरेला पेटले. अट एवढीच, की काकूंना तंबूत न वाकता जाता आलं पाहिजे.

मग काय विचारता! तंबू कुठं आहे असं कानावर आलं की काका हजर. काकू त्यांच्याहून चार बोटं उंच. ती कसर काका डोक्याचा रुमाल फुगवून बांधून भरून काढत आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, हुबेहूब काकूंसारखी जपून पावलं टाकत आत शिरत. रुमाल कापडाला लागला की तंबू बाद. पोखर्णीच्या एका मालदाराची राहुटी तर त्यांनी दारातूनच परत केली. म्हणाले, "आमच्या मंडळीला लागायलंय की हे." मंडळी घरी भाकरी थापत होती.

शेवटी परभणीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, त्यांना मनासारखं दार सापडलं. तो तंबू पागेचा, घोडे बांधायचा. काका बैलगाडीत त्या गुंडाळीवर बसून नवरदेवासारखे घरी आले. सगळ्या घराला आनंदाचं उधाण आलं. ऊद जाळून जाळून आम्ही थकलो, पण घोड्यांचा वास काही हटला नाही.

वाळूत तंबू उभा राहिला आणि काकू ताठ मानेनं आत गेल्या. बाजेवर बसल्या, मनापासून हसल्या आणि सहज बोलून गेल्या, "आवो, आपल्या सैपाकघराला बी आसंच दार आसतं तर लय बरं झालं आसतं."

वर्षानुवर्षं काकू त्या ठेंगण्या दारातून कण्हत ये-जा करत होत्या आणि ते काकांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ते गावात गेले. आम्ही मुक्काम हलवून परतलो तेव्हा स्वयंपाकघराची चौकट फोडून नवी बसवलेली होती. लाकूड कसलं वापरलंत, असं वडिलांनी विचारलं, तर काकांना सांगता येईना. सुताराला त्यांनी विचारलंच नव्हतं.

आता दोघंही नाहीत. घराच्या मानानं ते दार फारच उंच दिसतं, नव्या सुना हसतात. मी हसत नाही. काकू त्या दारातून पुढं उणीपुरी तीन वर्षंच वावरल्या, आणि त्या गेल्यावर काका जेवायला कायम बाहेर ओसरीवरच बसत.