आत्याबाई आणि हवा घेऊन पुण्याला

ऑक्सिजनच्या टाकीला मी निरांजनाने ओवाळलं आहे. हसा खुशाल.

दुष्काळाचं साल होतं. नगरच्या एका दवाखान्याच्या अंगणात ती टाकी टेम्पोत चढवली आणि माझ्या विशीतल्या अकलेला वाटलं, नवं यंत्र, लांबचा प्रवास, ओवाळायला नको? आमच्या विहिरीवरचं इंजिनसुद्धा हळदकुंकवाशिवाय कधी सुरू झालं नव्हतं. डॉक्टर नेमकी टाकीची चावी फिरवून बघत होते. वात फर्रकन पांढरीफटक होऊन हातभर उठली.

"अहो बाई, सासूला न्यायचंय की उडवायचंय?" डॉक्टरांनी मला तबकासकट मागे ओढलं.

टेम्पोत गादीवर आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) पडल्या होत्या. आमच्या गावी, कोल्हारला, खोकल्यातून रक्त पडू लागलं, तेव्हा सगळ्यांनी क्षय ठरवून त्यांची ताट-वाटी वेगळी काढली. तपासणीत क्षय निघाला नाही. रक्त फुप्फुसातून येत होतं. का, ते पुण्यालाच कळणार होतं. "यांना बोलू द्यायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. आत्याबाई आणि गप्प! टेम्पो निघाला, आणि केडगाव मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात सण साजरा केला.

सुप्याला इंजिनात पाणी घालायला थांबलो. फेटेवाले एक आजोबा आत डोकावले.

"ह्यात काय हाय?"

"हवा," मी म्हटलं.

"आन् पुन्याला हवा न्हाई व्हय? घरची नेताय ती!"

आत्याबाई मास्कच्या आत हसल्या आणि खोकल्या. रुमाल लाल झाला. माझा सण तिथेच संपला.

पुढे माळावर चाक फुफाट्यात रुतलं. उजाड रान, सावलीला झाड नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया धावत आल्या आणि आमच्या ह्यांच्या बरोबरीने टेम्पोला खांदा लावला. टाकीचा काटा खाली चाललेला, आत्याबाईंचे ओठ निळे. "दोन शिव्या घाला, पण श्वास घ्या हो!" मी रडकुंडीला आले. त्यांनी बोटाने खुणावलं: बाजूला हो, वारा अडवतेस.

पुण्याला पोचलो तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "शरीराची राखण करणारी शक्तीच बिथरून फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटली आहे."

"म्हणजे राखणीचा कुत्राच घरच्यांना चावला?"

"तसंच. परदेशात आता रक्त अंगाबाहेर काढून, यंत्रात त्याला ऑक्सिजन देऊन परत आत सोडतात. तोवर फुप्फुसं विसावतात."

"मग मागवू या की! टपालाने येईल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते यंत्र आपल्याकडे नव्हतं. औषधांनी कुत्रा बांधायचा आणि बाटलाभर हवेवर वाट बघायची, एवढंच हातात होतं. आत्याबाईंनी वाट बघितली. रक्त थांबलं. औषधाने तोंड पुरणपोळीसारखं फुगलं, भूक तर अशी की माझा डबाही त्याच संपवायच्या. पण वाक्य पुरं होईना. दोन शब्द, की धाप.

पुष्कळ दिवसांनी कोल्हारला परतलो. प्रवरेच्या कोरड्या पात्रावरून वारा येत होता. हवा फुकट असते असं मी तोवर समजत होते. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, घरभर नजर फिरवली आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबता म्हणाल्या,

"शांते, चूल सारवली न्हाई, म्हशीला वैरन न्हाई, रांजनात पानी न्हाई, त्या मांजरानं दुधाचं वाटुळं केलंय, आन् तू हितं उभी ऱ्हाऊन रडती कशाला गं येडे, मी बोलतीय न्हवं?"